मालगुजारी वाड्याचं हॉटेल : कामाच्या नोंदी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला हा वाडा माझ्या पणजोबांनी बांधला. माजघराच्या तुळईवर शके १८३४ कोरलेलं आहे, म्हणजे १९१२-१३ चं काम. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारजमा झाले, वाडे कुटुंबांकडे राहिले. वाडा पोसणारं उत्पन्नच गेल्यावर दरवर्षी एखादी भिंत, एखादा सोपा खचत गेला. जयपूरच्या रामबाग पॅलेसचं हॉटेल १९५७ मध्ये झालं, उदयपूरच्या तलावातल्या महालाचं १९६३ मध्ये. त्याच काळात आमच्या माडीवर धानाची पोती रचलेली असायची.

आता उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यामुळे या रस्त्यानं पाहुणे येतात. म्हणून सात खोल्यांचं हॉटेल करायचं घरात ठरलं. पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज वर्गवारीसाठी इमारत १९५० पूर्वीची लागते, किमान ५ खोल्या लागतात आणि नंतरचं वाढीव बांधकाम निम्म्याच्या वर चालत नाही. या तिन्ही अटींत आपला वाडा बसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागात असे वाडे अजून बरेच उभे आहेत. त्यांच्या मालकांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळी झाली, पण धानाची कापणी चालू आहे, मजूर मिळत नाही. तोवर वाडा ठोकून पाहिला. मिस्त्री काकाजींनी लाकडी हातोडीनं भिंतीवर वीतवीतभर अंतरानं ठोकलं आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूनं फुली मारली. खालच्या भागात चुन्यात बसवलेल्या भाजक्या विटा, वर कच्च्या विटा आणि पांढरी माती. जाडी अडीच फूट. दक्षिणेच्या खोल्यांत फुल्याच फुल्या. त्याच खोल्यांना नव्वदच्या दशकात सिमेंटचा गिलावा झालेला आहे.

ज्यांच्याकडे असा वाडा आहे त्यांनी नकाशा काढण्याच्याही आधी हे करावं. कुठे किती खर्च येणार ते त्या फुल्यांवरून कळतं.

६ डिसेंबर २०२३

सिमेंट उतरवायला सुरुवात. आतून भिंत ओली निघाली, पावसाळा जाऊन दोन महिने झालेले असताना. जमिनीतून चढलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. वरून सिमेंट आलं की त्याला वाट राहत नाही, ते वर वर चढत जातं आणि सोबत क्षार घेऊन जातं. आमच्या भिंतीत लोणा, म्हणजे या क्षारांचा थर, कमरेच्या वर पोचलेला होता. विटा बोटानं कुसकरत होत्या.

कुसकरलेल्या विटा एकेक काढून त्याच मापाच्या विटा चुन्यात बसवायचं काम हाती घेतलं. जुनी वीट पातळ असते, आजची भट्टीची वीट त्या थरात बसत नाही. गावात पडलेल्या एका कोठाराच्या विटा मालकानं दिल्या, वाहतूक तेवढी आपली. ब्रेकर मशीन एका खोलीत लावून पाहिलं. सिमेंट भराभर निघालं, पण हादऱ्यानं वरची माती ढासळून पडली. मशीन परत पाठवलं, बाकी सगळं छिन्नी-हातोडीनं. वेळ दुपटीच्या वर लागला.

२२ डिसेंबर २०२३

चुना वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांचा आणला, कळीचा, म्हणजे न विरवलेल्या खड्यांचा. पिठासारखा पिशवीतला चुना घेऊ नका, त्यात किती जीव उरला आहे ते कळत नाही. कळी पाण्यात टाकली की उकळली पाहिजे. परसात खड्डा खणून, विटांनी बांधून त्यात विरवला आणि वर चार बोटं पाणी ठेवलं. निदान महिनाभर तसाच ठेवायचा, हाताळताना डोळे आणि हात झाकून.

चुना मळायची घाणी कोणाकडेच शिल्लक नाही. जुन्या घाणीचं दगडी चाक पडून होतं, पण बैलजोडी आणि माणूस दोन्ही रोज देणारा मिळेना. शेवटी गावातल्या लोहाराकडून लोखंडी मळणी यंत्र करवून घेतलं, मोटर जुन्या पिठाच्या चक्कीची. खर्च ३८ हजार. त्यात चुना, सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी, आणि वैनगंगेची धुतलेली वाळू. पाण्यात गूळ, मेथी आणि बेलफळाचा गर भिजवलेला. आमच्याकडे एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू हे प्रमाण बसलं. तुमच्या वाळूवर ते बदलेल, म्हणून हातभर तुकड्यावर नमुने लावून पाहा. वाळू घेताना रॉयल्टीची पावती घ्याच.

१७ जानेवारी २०२४

चौकातल्या सागवानी खांबांचे बुंधे वाळवीनं आतून पोखरलेले. वरून रंग सुंदर, सुतारानं पटाशी घातली तर मुठीएवढा भुसा. पण फक्त खालचा हात-दीड हात. त्यावरचा नार, म्हणजे लाकडाचा गाभा, अजून असा घट्ट की खिळा शिरत नाही.

पहिल्यांदा आलेल्या ठेकेदारानं सगळे खांब काढून आरसीसीचे घालून वर लाकडी पट्ट्या मारू असं सुचवलं होतं. माझे धाकटे काका त्याला तयारही होते, काम लवकर होतं म्हणून. मी नाही म्हटलं. नक्षीचा खांब पाहुण्याच्या हाताला लाकडाचाच लागला पाहिजे, त्यासाठीच तर तो इतक्या लांबून येणार. तुळईखाली जॅक लावून एकेक खांबाचा सडका बुंधा कापला, त्याजागी जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला आणि खाली दगडी बैठक वर उचलून घेतली, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही. एका वेळी एकच खांब. जॅक रोज थोडाच चढवायचा. एकदा घाईत जास्त चढला तर माडीच्या भिंतीला वरपर्यंत तडा गेला.

जुना साग पाडलेल्या घरांतून घेतला. बिल आणि वनविभागाचा वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका. आमची एक गाडी परवान्याअभावी पंधरवडाभर अडून राहिली आणि सुतार दुसऱ्या कामावर निघून गेला.

१० फेब्रुवारी २०२४

दारं बुटकी आहेत ही सगळ्यांची तक्रार. पाच फूट पाच इंच. उंच पाहुणा रोज कपाळ आपटून घेईल. चौकट उचलायची तर वरची देवळी आणि कमान दोन्ही फोडावी लागतात.

फरशी उखडल्यावर उत्तर मिळालं. शहाबादीखाली मातीचा भर, त्याखाली आणखी एक फरशी, त्याखाली पुन्हा भर, आणि सगळ्यांत खाली मूळची जमीन. प्रत्येक पिढीनं वरून नवी फरशी टाकत नेली. सगळे थर काढल्यावर साडेसहा इंच उंची परत मिळाली आणि खांबांच्या तळाची कमळंही उघडी पडली. आजीनं ती कधी पाहिलेली नव्हती. ती काठी टेकत आली आणि बराच वेळ त्या दगडांवरून हात फिरवत बसली.

खाली मुरूम, वीटखडी, चुना असा थर ठोकून त्यावर तीच शहाबादी घासून, सांधे चुन्यानं भरून बसवली. प्लास्टिकचा कागद मध्ये घालायचा नाही. जमिनीला बंद केलं तर पाणी भिंतीकडे वळतं.

५ मार्च २०२४

सगळ्यांत महागडा फटका इथे बसला. जुन्या वाड्यात राजेशाही पलंग देता येतो, नक्षी देता येते, पण रात्री दोन वाजता चौक ओलांडून मोरीत जायला आजचा पाहुणा तयार नसतो, आणि नसावाच. म्हणून नमुन्यादाखल माजघराच्या कोपऱ्यात न्हाणीघर केलं होतं. दोन थर रासायनिक वॉटरप्रूफिंग, वर टाइल, पाणी साठवून चाचणीही पास. कामगार ते रोज वापरत होते. आता पलीकडच्या खोलीच्या ताज्या चुन्यावर फेसासारखा लोणा उगवला आहे. नळ बसवलेल्या जागेमागे पाणी शिरतं की वाफच शिरते, ते शोधण्यात आठवडा गेला. दोन्ही कारणं निघाली. १ लाख ४० हजार वाया.

काकाजी म्हणाले, "ताई, ही भिंत पानी पिते, मंग थंडी देते. तिले रोज आंघोळ घालाल तं ती विरघळनारच."

तोडून टाकलं. आता न्हाणीघरं वाड्याच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या ओसरीत, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या विटांच्या भिंतींची. जुन्या भिंतीपासून वीतभर मोकळी जागा सोडली. जुन्या खिडकीचं दार केलं की खोलीतून सरळ आत जाता येतं. त्या वीतभर फटीतून वारा खेळतो, आणि त्यातूनच सगळे पाइप जातात. पाइप फुटला तर दिसतो, भिंत न फोडता दुरुस्त होतो.

यापुढे वाड्यात एकच नियम: नवी सोय भिंतीत जाणार नाही, भिंतीशेजारून जाईल.

२१ मार्च २०२४

वायरिंगही त्याच नियमानं. इलेक्ट्रिशियननं कटरनं भिंत कापून पाइप गाडायची तयारी केली होती. हातभर कापताच कच्च्या विटांचा भुगा ओंजळीनं खाली आला. ते थांबवलं. सागवानी केसिंग-केपिंग, म्हणजे वायर झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या, करून घेतली, कडीपाटाच्या कडेनं फिरवली, बटणं पितळेची, पृष्ठभागावर बसणारी. शंभर वर्षांपूर्वी वीज आली असती तर अशीच आली असती. खर्च नेहमीपेक्षा जास्त, पण सुताराच्याच हातचं असल्यानं दाराच्या चौकटीशी ते एकजीव दिसतं.

घरात यावर वाद झाला. धाकट्या काकांचं म्हणणं, एसी आणि वायफाय आलं की वाड्याचा रुबाब गेला. मला हे पटत नाही. मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडलं तेव्हा विजेचे दिवे आणि लिफ्ट हाच त्याचा तोरा होता. माझ्या पणजोबांनीही त्या काळी नागपुराहून रंगीत काचा मागवून माडीच्या खिडक्यांना लावल्या. त्यांना जे उत्तम आणि नवं मिळालं ते त्यांनी घरात आणलं. आपणही आणू, फक्त उद्या काढून घेता येईल अशा रीतीनं.

गावातला व्होल्टेज पंपांच्या वेळी फार पडतो. तीन फेजची जोडणी, स्टॅबिलायझर आणि सौर पॅनल घेतले. पॅनल गोठ्याच्या टिनावर, वाड्याच्या कवेलूवर (कौलांवर) नाही.

१९ एप्रिल २०२४

छप्पर. हातानं थापलेले कवेलू आता आमच्या भागात कोणी करत नाही. पण घरकुल मंजूर झालेल्यांच्या अंगणात जुन्या कवेलूंचे ढीग पडलेले असतात. आसपासच्या गावांतून ते विकत गोळा केले. मोजून, ठोकून घ्यायचे. खणखणीत वाजला तो चांगला, बद्द वाजला तो बाजूला.

कवेलूखाली आधी टिनाचे पत्रे टाकून पाहिले, गळती नको म्हणून. दुपारी माडीवर उभं राहवेना, आणि पत्र्यावर पकड नसल्यामुळे कवेलू सरकून ओळीच्या ओळी खाली आल्या. पत्रे काढले. आता बीजा झाडाच्या लाकडाच्या फळ्या, त्यावर वाफ जाऊ देणारं जलरोधक कापड, त्यावर बांबूच्या कांब्या आणि मग कवेलू. वानरं कवेलू फोडणारच. ती उड्या मारतात त्या कडा आणि आढं चुन्यात पक्कं केलं, बाकी भाग मोकळा ठेवला. तुटलेला कवेलू बदलता आला पाहिजे. दरवर्षी मृगाच्या आधी ते फेरायचे, त्याला पर्याय नाही. हॉटेलच्या वार्षिक खर्चात हा आकडा पहिल्या दिवसापासून धरा.

२० मे २०२४

बाहेर ४५ अंश. माजघरात, काहीही न लावता, ३३. माडीवर ३८. हा तापमापकावरचा आकडा काकांना दाखवला. अडीच फुटांची भिंत दिवसभर ऊन रोखते, पण रात्री दारं-खिडक्या उघडून तिला थंड करावं लागतं. म्हणून प्रत्येक खिडकीला लोखंडी गजांच्या आतून मच्छरजाळीची सागवानी चौकट बसवली. जाळीशिवाय कोणता पाहुणा खिडकी उघडी ठेवील?

गारव्यासाठी दोन वेगळ्या सोयी केल्या. एप्रिल-मे-जूनच्या कोरड्या हवेत कूलरसारखं दुसरं काही नाही. मागच्या ओसरीत मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या, आणि तिथून न्हाणीघराच्या फटीतून खोल्यांत हवेचा मार्ग. तोंडाशी २७-२८ अंश येतात. सुरुवातीला दोन दिवसांत अंथरूण दमट आणि भिंतीला बुरशीचा वास. हवा आत येत होती, बाहेर जात नव्हती. आढ्याजवळचे जुने झरोके मागच्या कोणीतरी विटांनी बुजवले होते, ते उघडल्यावर प्रश्न मिटला. पावसाळी दमटपणात कूलर निरुपयोगी, तेव्हा एसी. त्याचं बाहेरचं यंत्र गोठ्यामागे, आवाज चौकात येत नाही.

या महिन्यात गिलावा मात्र करू नका. राहिलेल्या दोन खोल्या उरकायच्या म्हणून काम चालू ठेवलं आणि सकाळचा चुना संध्याकाळी भेगाळला. चुना सावकाश, ओलाव्यात, हवा घेत घट्ट होतो. वरून वाळला तो आत कच्चाच राहतो. बारदान भिजवून टांगलं तरी लू ते तासाभरात कोरडं करत होती. खरवडून काढला. त्या खोल्या आता पावसाळ्यानंतर.

२६ जुलै २०२४

धानाची रोवणी सुरू, कामावर कोणी नाही. त्यात सेप्टिक टँकचं प्रकरण. प्लास्टिकची तयार टाकी परसात पुरून माती भरली होती, पण ती जोडणी बाकी म्हणून रिकामीच होती. आठवडाभराच्या झडीनं काळी माती पाण्यानं भरली आणि एका सकाळी टाकी होडीसारखी वर आलेली. पाइप तुटले, वरचं झाकण तिरपं.

दुरुस्ती: खड्डा पुन्हा खणून तळाला काँक्रीटचा थर, टाकीच्या कमरेभोवती काँक्रीटचा पट्टा, आणि माती भरण्याआधी टाकीत पाणी. टाकीच्या बाजूंना काळी माती नको, मुरूम घाला. काळी माती फुगते आणि आकसते, टाकी दाबून टाकते. हा सगळा व्याप ६२ हजारांचा आणि जवळजवळ महिन्याचा झाला. टाकी विकणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं होतं.

चांगली गोष्ट एवढीच की संपूर्ण झडीत छप्पर कुठेही गळलं नाही.

४ सप्टेंबर २०२४

पोळा आणि तान्हा पोळा झाला, माणसं परत आली. आता सामान.

जुने पलंग सहा फुटांचे. आजच्या पाहुण्याला साडेसहा लागतात आणि गादीही जाड लागते. नक्षीचं डोकं आणि पायथा तसाच ठेवून सुतारानं बाजूच्या पट्ट्या नव्या, लांब केल्या आणि काढलेल्या पट्ट्या नाव घालून माडीवर ठेवल्या. गादी दोन थरांची: खाली आजची घट्ट, वर गावात पिंजून घेतलेल्या कापसाची. पडदे आंधळगावच्या कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे. कोशाचा मूळचा मधाळ रंग चुन्याच्या भिंतीवर जसा उठतो तसा कुठलाच रंगवलेला कपडा उठला नाही. मात्र थेट उन्हात रेशीम जिरतं, म्हणून मागून साध्या सुती कापडाचं अस्तर. ते आधी लावलं नव्हतं तर पश्चिमेची एक जोडी उन्हानं विटली.

बंगईच्या (झोपाळ्याच्या) पितळी कड्या भंडाऱ्याला दाखवून झिजलेले दुवे बदलले. वरच्या तुळईतला आकडा मात्र आधी अभियंत्याकडून तपासून घेतला. चार माणसं एकदम बसतात.

२० ऑक्टोबर २०२४

अभयारण्याची दारं १ ऑक्टोबरला उघडली, आपल्या पाच खोल्या चालू झाल्या. उरलेल्या दोन खोल्यांचा गिलावा थंडी पडली की. ग्रामपंचायतीचं ना हरकत, अन्न परवाना, अग्निसुरक्षेची साधनं हे आधी. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, त्यासाठीची नोंदणी आधीच करून ठेवा.

पहिल्या पाहुण्यांच्या तक्रारी जशाच्या तशा: गरम पाणी यायला वेळ लागतो. रात्री माडीच्या फळ्या वाजतात. वायफाय माजघरात पोचत नाही, कारण तीच अडीच फुटांची भिंत. प्रत्येक दालनात छोटं यंत्र लावून, केबल केसिंगमधून नेऊन वायफाय सुटलं. फळ्यांखाली लोकरीच्या पट्ट्या घालतो आहोत. गरम पाणी गोठ्याकडून येतं, पाइप लांब पडतात, म्हणून परतीचा पाइप आणि लहान पंप बसवला. पाइप फटीत असल्यामुळे एका दिवसात झालं, एकही टाइल न काढता.

जेवणाबद्दल एकही तक्रार नाही. पाहुण्यांना काय आवडेल म्हणून आधी शहरी पद्धतीची यादी केली होती. आईनं ती बाजूला ठेवली आणि चिन्नोर तांदळाचा वडाभात, पाटोडी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. तेच चालू आहे. मडक्यावरची लांब रोटी करणाऱ्या दोघी गावातल्याच, पगारावर.

९ नोव्हेंबर २०२४

हिशेब, लाखांत: छप्पर ९.५, भिंती आणि चुना ११, लाकूडकाम ८, न्हाणीघरं आणि नळकाम १४, वीज-सौर-गारवा १३, सामान ९, सेप्टिक आणि परस ४. एकूण ६८.५. यात घरचे लोक राबले ते धरलेलं नाही. ठरवलं होतं त्यापेक्षा पाच महिने जास्त लागले. त्यातले बरेचसे परवाना, रोवणी आणि मे महिन्यातला गिलावा यांत गेले.

वेळ आणि पैसा वाचवायचा असेल तर क्रम असा ठेवा: पावसाळा संपताच सिमेंट उतरवा, त्याच आठवड्यात चुना विरवायला टाका, डिसेंबर ते फेब्रुवारी गिलावा, छप्पर एप्रिलच्या आत, आणि न्हाणीघरांचा पाया सगळ्यांत आधी. आम्ही दोन खोल्यांचा गिलावा येत्या सोमवारी सुरू करतो आहोत. काकाजींच्या हाताखाली गावातली तीन पोरं चुन्याचं काम शिकली आहेत. जवळपासच्या कोणाला वाड्याची भिंत दाखवायची असेल तर मार्चपर्यंत ती पोरं इथेच आहेत, त्यानंतर कामाला मोकळी होतील.